शोधणारे हात

अग्निशमन केंद्राच्या मैदानात शलाका सरावाची शिडी चढत होती. अंगात तिच्या वडिलांचा पोशाख होता. जवान गेला तरी त्याच्या हातापायांची सवय पोशाखात राहायची आणि नव्या जवानांना शिकवायची. खिडकीपाशी पोचताच तिचे दोन्ही हात आपोआप शिडीवरून सुटले आणि आतल्या अंधारात चाचपडू लागले. आगीत अडकलेल्यांना शोधताना बाबा असेच हात सोडून, तोल जाऊन पडले होते.

"पायरीत पाय अडकव, पोरी!" खालून प्रशिक्षक दळवी सर ओरडले.

तिने पाय अडकवून स्वतःला सावरलं.

"बाबा, आत कुणी नाहीये," ती हळूच म्हणाली. हात शोधतच राहिले.

पोशाखातली ही सवय थांबवायची कळ गळ्यापाशीच होती. पण ते हात थकून स्वस्थ होईपर्यंत शलाका तशीच उभी राहिली.