आत्याची चाल

कंपालाच्या कॉलेजात ॲनिमेशन शिकणाऱ्या नाबुकेन्यानं पडद्यावर एक बाई चालवली होती. डोक्यावर वीस लिटरचा पाण्याचा कॅन, खाली केळीच्या सोपटाची चुंबळ, मान ताठ, पावलं जवळजवळ. तिचे मार्गदर्शक मुगिशा सरांनी या चालीवरचा तिचा प्रबंध तिसऱ्यांदा परत केला.

"संदर्भ कुठंय?"

"सर, माझी आत्या. चाळीस वर्षं पाणी वाहतेय. महिनाभर तिच्या मागं फिरून मापं घेतलीत."

"आत्या कुठल्या जर्नलमध्ये छापून आलीय?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शेवटी तिनं एक परदेशी शोधनिबंध हुडकला आणि त्यातल्या मापांवर बाई पुन्हा चालवली. डोक्यावर भरलेला कॅन, आणि बाई लग्नाला निघाल्यासारखी झुलत होती! सरांनी त्याच दिवशी सही केली.

सुट्टीत गावी गेल्यावर तिनं चिडूनच तो निबंध आत्यापुढं धरला. फोटो बघून आत्या हरखली.

"अगं, ही तर मीच! आले होते ते लोक. अंगभर तारा चिकटवल्या होत्या मला."

"मग तू अशी झुलत का चाललीस?"

"झुलेन नाही तर काय? तारा भिजतील म्हणून कॅन रिकामाच दिला होता त्यांनी."