बाहेरून दोन कड्या

"वर साडेसव्वीस, मधे सव्वीस, खाली पावणेसत्तावीस इंच." मिस्त्रीने मोजपट्टी मिटली. "ही भिंत बांधणारा ओळंबा घरी विसरून आला होता की काय? तयार दार इथे बसायचं नाही, ताई. सगळ्यात कमी माप धरून नवंच करावं लागेल."

"करा. पण परवापर्यंत करा," बाई म्हणाली. "आणि कड्या बाहेरून हव्यात. दोन. एक वर, एक खाली."

"आणि आतून?"

"आतून काही नको."

तिच्या कडेवर चार वर्षांची मुलगी होती. चांगली चालतीबोलती पोर, पण बाई तिला खाली सोडायला तयार नव्हती. एकाच हाताने तिने दूध उतरवलं, त्याच हाताने ओटा पुसला.

लोक त्याला गुण्यामिस्त्री म्हणत, कारण काटकोन बघायचा गुण्या त्याच्या हातातून कधी सुटत नसे. तीस वर्षं वाकड्या भिंतींत सरळ दारं बसवून आपल्याला माणसांचंही माप कळतं, असं त्याला वाटायला लागलं होतं.

खोली लहानशी होती. एक पलंग, गज असलेली एक खिडकी. पलंगावर बाईचे सासरे बसले होते. कपडे पांढरेशुभ्र, बोलणं मऊ.

"माझ्याचसाठी चाललंय हे, मिस्त्री," ते हसत म्हणाले. "मी गेलो तेव्हा ही पोर पाळण्यात होती. काल इतक्या वर्षांनी घरी आलो, तर सूनबाईने ही सोय केली. मुलांचा मला भारी लळा हो. पण ती धाकटीला माझ्या वाऱ्यालाही उभी करत नाही."

"थोरली शाळेत गेली वाटतं?" मिस्त्रीने विचारलं.

"तुम्ही तुमचं माप घ्या," बाई दारातून म्हणाली.

मिस्त्रीला तिचा रागच आला. म्हातारं माणूस म्हणजे यांना अडगळ वाटते! पूर्वी एका घरी त्याने असंच बाहेरून कडीचं दार बसवून दिलं होतं. त्या घरातली म्हातारी एका दुपारी आत गुदमरून गेली, आणि दाराला आतून तिच्या नखांचे ओरखडे निघाले. तेव्हापासून त्याने एक पद्धत ठेवली होती. बाहेरून कडी मागितली की तो मुकाट्याने बसवून द्यायचा, पण आतून एक वाट ठेवायचा. हे तो कुणालाच सांगत नसे. आत राहणाऱ्याला मात्र सांगायचा.

ठरल्या दिवशी तो दार घेऊन आला. वाकड्या चौकटीत त्याने पाचरी मारल्या, खालच्या कडेवर चार वेळा रंधा फिरवला, तेव्हा कुठे दार न घासता फिरायला लागलं. बाहेरचा बोळ अरुंद, त्यामुळे दार आत उघडणारं होतं आणि बिजागऱ्याही आतल्या अंगाला होत्या. मिस्त्रीच्या मनासारखं झालं.

"या बिजागरीतली सळई निघते का?" बाईने विचारलं. तिची नजर बारीक होती.

"निघते तर. तुमचं माप हे असं वेडंवाकडं. उद्या लाकूड फुगलं तर दार उतरवून पुन्हा तासायला नको का?"

तिला ते पटलं. खोटं बोलताना मिस्त्रीला जरासुद्धा वाईट वाटलं नाही.

ती स्वयंपाकघरात गेली तसा तो पलंगाजवळ वाकला. "आजोबा, तीन बिजागऱ्या, तीन सळया. या खिळ्याने खालून ठोकायचं, की सळई वर येते आणि दार हातात येतं. जीव घाबरला तरच हं. एरवी नाही."

आजोबांनी एकदा करून बघितलं. पहिल्याच खेपेला जमलं. या वयातही त्यांचा हात जराही थरथरला नाही. खिळा त्यांनी उशीखाली सरकवला आणि मिस्त्रीच्या डोक्यावर हात ठेवला.

मग बाईने दार ओढून घेतलं. दोन्ही कड्या घातल्या, खांदा लावून ढकलून पाहिलं.

"हलणार नाही ना?"

"हत्तीने धडक दिली तरी नाही."

तिने पोरीला खाली ठेवलं. तीन दिवसांत पहिल्यांदाच. पोर बोळातून दुडदुडत सुटली आणि बाई भिंतीला टेकून तिच्याकडे बघत राहिली.

"आल्या दिवसापासून डोळ्याला डोळा नाही लागला, मिस्त्री. आता हिला कुशीत घेऊन जरा पडते."

"पडा की," तो तुटकपणे म्हणाला आणि हत्यारं भरून निघाला.

त्याचं दुकान शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, बसने दीड तास. वाटेत त्याला हलकं वाटत होतं. एका म्हाताऱ्या जिवाचे हाल आपल्यामुळे वाचले, या आनंदात तो चक्क गुणगुणत होता.

संध्याकाळी बाईचा नवरा कारखान्यातून परस्पर दुकानावर आला.

"बसलं का हो दार?"

"बसलं. पण बोलल्यावाचून राहवत नाही," मिस्त्री म्हणाला. "पिकलं पान आहे ते. जन्मदात्याला कुणी असं कोंडतं?"

नवरा रागावला नाही. बाकावरच्या फळीवरून तो नुसता हात फिरवत राहिला.

"वेड्यांच्या इस्पितळाने लिहून दिलंय, आता पूर्ण बरे आहेत, घरी न्या. मलाही बरे झालेलेच वाटतात. किती गोड बोलतात."

"मग?"

"आमची थोरली गेली ना, मिस्त्री, तेव्हाही ते असेच गोड बोलायचे. त्या मापाचं दार कुठे मिळेना, म्हणून आम्ही पडद्यावर भागवलं होतं."