धाकटीचं स्थळ

आटीच्या महिन्यात तुळुनाडूत मेलेल्यांची लग्नं लावतात. सेसम्माची धाकटी तान्हेपणीच गेली होती. आज पंचविशीची असती. तिचं भूत घराला स्वस्थ बसू देईना, म्हणून असाच तान्हेपणी गेलेला एक मुलगा पाहिला होता.

मुलाच्या आईने लग्नाची साडी पुढे केली. सेसम्मा हात लावेना.

"आधी सांगा, तुमच्या घरात बायकांवर हात उचलतात?"

"अगं, भुतांच्या लग्नात कसल्या चौकशा!" नवरा ओशाळला. "मेलीये ती. तिला आता आणखी काय व्हायचंय?"

"थोरलीच्या वेळीही मला असंच गप्प बसवलंत," सेसम्मा म्हणाली. "जिवंत लेक न विचारता दिली, त्यांनी ती सहा महिन्यांत जाळली. ही मेलेली असली तरी विचारूनच देणार."