चित्राची पाठ

"चित्र नको, त्याची पाठ दाखव," आजी म्हणाल्या.

संग्रहालयातली मुलगी गोंधळली. आपल्या दिवंगत चित्रकार नवऱ्याचं हे एकच चित्र शोधत आजींनी शहरातली सगळी संग्रहालयं पालथी घातली होती. मुलीनं ते भिंतीपासून कलतं धरलं. मागची चौकट सागवानी होती, हिरव्या रंगाची, आणि तिला एक पितळी कडी अजून तशीच होती.

"हा आमच्या बाळाचा पाळणा," आजी म्हणाल्या. "बाळ गेलं. रिकामा पाळणा हलवू नये म्हणतात. मी दिवसभर हलवत बसायचे. एक दिवस ह्यांनी तो मोडला आणि चौकट केली. त्या रागात मी ह्यांचं एकही चित्र पाहिलं नाही."

"मग हे तरी बघा ना, आजी."

मुलीनं चित्र सरळ केलं. करड्या रंगात चार हिरव्या रेघा होत्या आणि त्यांच्या मधोमध, अंग मुडपून निजल्यासारखा, मुठीएवढा पांढरा आकार.

आजी कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग दोरीनं टांगलेल्या त्या चित्राला त्यांनी एका बोटानं हलकेच झोका दिला.