माफीचा व्हिडिओ

"आपा, एवढंच म्हणायचं," बेगायिमने मोबाइल उभा धरला. "'माझ्या बोलण्याने कुणाचं मन दुखावलं असेल तर माफ करा.' बास. संपलं."

म्हाताऱ्या कालिपा आपाने हातातला दाभण खाली ठेवला नाही. तिच्या मांडीवर अर्धा शिवलेला शिर्दाक, दाबलेल्या लोकरीचा नक्षीदार गालिचा, पसरला होता. लाल नमद्यावर मेंढ्याच्या शिंगांची काळी नक्षी.

"कुणाचं दुखावलंय?"

कोचकोर गावातल्या या शिवणघराचं इंटरनेटवरचं पान बेगायिमच सांभाळायची. मागच्या महिन्यात राजधानीतल्या, बिश्केकच्या एका बाईने व्हिडिओ कॉलवर शिर्दाकाचा भाव पाडायला घेतला होता. मशिनचा निम्म्या किमतीत मिळतो, असंही ती म्हणाली. आपा तिच्यावर कडाडली, "मग मशिनच्याच मांडीवर जाऊन बस!" बेगायिमने हसत हसत ते रेकॉर्डिंग पानावर टाकलं आणि अख्खा देश हसला. आपाचा आवाज लोकांनी आपापल्या व्हिडिओंत शेळ्यांच्या तोंडी घातला, वाहतूक पोलिसांच्या तोंडी घातला. चार वर्षांत जमली नव्हती तेवढी माणसं आठवड्याभरात पानावर आली.

मग सीमेपलीकडच्या अल्मातीच्या मोठ्या दुकानाकडून रंगीत आलेखांचा अहवाल आला. अख्ख्या हिवाळ्याचं काम तेच देणार होते. नाव सगळीकडे पोचलंय, पण लोकांचं मत घसरलंय, निम्म्याहून जास्त प्रतिक्रिया वाईट आहेत, असं त्यात होतं. शेवटी अट होती: म्हातारीने जाहीर माफी मागावी, मग पुढचं बोलू.

"आपा, अकरा जणींचं काम आहे," शेगडीजवळ उभी असलेली साकिन एजे म्हणाली. शिवणघर तिचं होतं आणि सगळ्या तिला एजे, म्हणजे ताई, म्हणायच्या. "दोन वाक्यं बोलून टाका की."

"बोलते. पण लोक काय म्हणतात ते ऐकू तरी दे. वाच गं पोरी."

बेगायिम वाचू लागली. "'कसली खडूस म्हातारी आहे.'"

"खरंय," आपा म्हणाली.

"'ही तर डिट्टो माझी सासू.'"

"नशीबवान आहे. पुढे?"

"'हिला मंत्री करा, सगळे सरळ होतील.'"

भिंतीशी बसून शिवणाऱ्या बायका खुदखुदल्या. बेगायिमही हसली आणि पुढची प्रतिक्रिया वाचता वाचता थांबली. तिने अल्मातीचा अहवाल उघडला, पुन्हा प्रतिक्रियांकडे आली, पुन्हा अहवालात गेली. लोकांच्या प्रतिक्रिया मोजायला ती बिश्केकला शिकली होती. असले अहवाल तिने स्वतः कितीतरी केले होते.

"एजे, हे ऐका. 'आजीचा कोचकोरचा शिर्दाक अजून आमच्या घरात आहे. त्याचा भाव करणारा गाढव.' ही प्रतिक्रिया त्यांनी वाईटमध्ये धरलीये."

"का?"

"गाढव म्हटलंय ना. यंत्राने शिव्या मोजल्यात. जिथे शिवी दिसली ते वाईट." ती भराभर बोटाने वर सरकवत गेली. "टाका सैल आहे, रंग जातो, नमदा विरतो, असं एकानेही लिहिलेलं नाही. एकानेही नाही, एजे!"

बेगायिमने मोबाइल खाली घेतला.

"माफीचा व्हिडिओ मी काढणार नाही. हवं तर दुसरं कुणी बघा."

एवढं बोलून ती स्वतःच घाबरली. खोलीतले दाभण थांबले होते.

आपा गुडघ्यावर हात टेकून उठली. डोक्यावरचा पांढरा रुमाल नीट केला. शिर्दाकाचं एक टोक धरून तिने तो झटकन उलटा केला. मागच्या बाजूला नक्षी नव्हती, रंग नव्हता. करड्या लोकरीवर नुसते टाके, एकाला एक लागून, तळ्यावर वाऱ्याने लाटा उठाव्यात तसे.

"चालू कर," ती म्हणाली.

बेगायिमने चालू केला.

"मी कालिपा, सादिकची मुलगी. पुढची बाजू सगळेच दाखवतात. ही मागची आहे. बघून घ्या. भाव नंतर बोलू."

एवढंच. ती खाली बसली आणि दाभण शोधू लागली.

भिंतीजवळून नाझिरा उठली. एरवी फोटो म्हटलं की तोंड लपवणारी. तिने आपला शिर्दाक उलटा धरला. "माझंही घे. मी नाझिरा, मुकाशची मुलगी." मग तिसरी उठली. मग दोघी एकदम, एकमेकींना ढकलत.

साकिन एजे दार ढकलून बाहेर निघून गेली.

"झालं," कुणीतरी पुटपुटलं. "गेलं काम."

बेगायिमने मोबाइल खाली घेतला नाही. सगळ्यांचं होईपर्यंत काढत राहिली. अंगणात पावलं वाजली. एजे आत आली ती खांद्यावर गुंडाळी घेऊन. तिच्या लग्नातला, तिने स्वतः शिवलेला शिर्दाक. शिवणघर सुरू केल्यापासून ती फोन आणि पावत्याच बघायची. हातात दाभण घेतलेली ती कुणाला आठवत नव्हती.

तिने गुंडाळी जमिनीवर सोडली. नक्षी खाली, टाके वर. गुडघे टेकून तळहाताने धूळ पुसली आणि मोबाइलकडे सरळ बघितलं.

"साकिन. दोरोनबेकची मुलगी."

बेगायिमने बटण दाबून व्हिडिओ थांबवला.

"एजे, पानावर टाकू? अल्मातीवाले बघतील."

"पानावर नंतर टाक," साकिन एजे म्हणाली. "आधी त्यांनाच पाठव."