टवका उडालेला कप

"आता रंग विसरायचा. लहान कप इकडे, मोठे तिकडे," मेघनाने पुन्हा समजावलं. खेळात मधेच नियम बदलला की मुलं वेगवेगळ्या बाजूंनी विचार करायला शिकतात, असं तिने पालकांच्या शिबिरात ऐकलं होतं. म्हणून ओट्यावर धुऊन पालथे घातलेले सगळेच्या सगळे कप तिने चटईवर आणले होते.

तीन वर्षांच्या शर्वरीने मगाशी ते रंगांप्रमाणे लावले होते, आता लहान-मोठेही भराभर लावले. फक्त टवका उडालेला एक पांढरा कप तिने याही वेळी बाजूला ठेवला.

"अगं, हा मोठा आहे ना? मग मोठ्यांत ठेव."

"नाही."

"मगाशी पांढऱ्यांतही ठेवला नाहीस." मेघनाने तो उचलून मोठ्यांत ठेवला. शर्वरीने काढला. तिने परत ठेवला, शर्वरीने परत काढला. मेघनाचा आवाज चढला. "किती हट्टीपणा करशील? एवढासा नियम बदलता येत नाही तुला?"

शर्वरी रडकुंडीला आली. "हा आपल्या कपांत नाही ठेवायचा. हा सिंधूमावशींचा." कप छातीशी धरून ती उठली आणि गॅलरीच्या खिडकीत, फिनेलच्या बाटलीशेजारी, त्याच्या रोजच्या जागी ठेवून आली.

दारात फरशी पुसत असलेल्या सिंधूमावशींनी फडकं बादलीत बुडवून पिळलं.

"रागावू नका ताई तिला," त्या म्हणाल्या. "बरोबर लावलेत तिने."