माऊस सापडला

"माऊस सापडला, माऊस सापडला. माऊस नाहीये रे तो," अक्षता स्क्रीनवरच्या मेसेजवर खेकसली.

साकीनाक्याच्या भंगारातून आणलेला एक माऊस फोडून तिने त्याला दारावरच्या बेलचं बटण जोडलं होतं. लकवा मारल्यापासून बाबांचा फक्त डावा अंगठा हलायचा. बटण त्या अंगठ्याखाली. स्क्रीनवर एकेक अक्षर पिवळं होत जाणार, हवं ते आलं की बाबांनी दाबायचं. गणपतीपासून बाबांच्या तोंडून एक शब्द फुटला नव्हता.

पण जुन्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी होतं लिनक्स. ते वायर लागली की कुणालाही न विचारता ठरवून टाकायचं, हा माऊसच. मग बाबांनी दाबलं की अक्षर राहायचं बाजूला, बाण असेल तिथे क्लिक. आता स्क्रीनवरची अक्षरांची अख्खी खिडकीच बंद झाली.

काल रात्री तिने फाईलमध्ये लिहून ठेवलं होतं, ह्या यूएसबीच्या भोकात जे लागेल ते माऊस नाही, बटण आहे. चाललंही होतं. सकाळपासून वाट लागलेली. निलेशकाका सोफ्यावरून म्हणाले, शाळा सोडली नसतीस तर कळलं असतं. तिने टेबलामागे डोकं घातलं. तिने ठरवलेल्या भोकात आईचा फोन चार्ज होत होता. बटणाची वायर शेजारच्या भोकात खुपसलेली.

"आई, कोणी सांगितलं हात लावायला?"

"भोकं सगळी सारखीच ना गं," आई म्हणाली.

अक्षता नको नको ते बोलली. आईही बोलली. काका दोघींना समजवायला लागले, तेही चढ्या आवाजात. बोलता बोलताच तिने वायर जागेवर लावली आणि खिडकी उघडली.

अक्षरं पिवळी होत सरकायला लागली. बाबांचा अंगठा दबला. ग.

"गरम होतंय ह्यांना," आईने पंखा वाढवला.

"गोळी राहिली असेल," काका उठले.

"गादी टोचतेय. थांबा ना जरा," अक्षता म्हणाली आणि स्वतःच उशी सरकवायला लागली.

अंगठा वाट बघत होता. पिवळा चौकोन खालच्या ओळीत आला. अंगठा परत दबला.

गप.

पंख्याचा तेवढा आवाज राहिला. बाबांनी कोणाकडेच पाहिलं नाही. चौकोन पहिल्या अक्षरापासून पुन्हा निघाला, आणि त्यांचा अंगठा बटणावर तयार होता.